बोकडकड्याचा बाण

१

मा ग्यु-चोलचं प्रेत ग्वाकला सापडलं. मला फोन लावून तो आधी काय म्हणाला असेल, तर "आता तरी ही जत्रा उठेल." प्रेत कुठंय, कुणाचंय, हे सगळं त्याच्यानंतर.

ग्वाक आमच्या गावचा प्रमुख. उनहाकसान डोंगराच्या पायथ्याशी त्याची खानावळ आहे. अळंब्यांची धिरडी आणि तांदळाची दारू विकतो, आणि ज्यांच्या जिवावर चूल पेटते त्याच डोंगर चढणाऱ्यांना दिवसभर शिव्या घालतो. त्या रविवारी सकाळी तो बोकडकड्याखाली अळंबी काढायला गेला होता. नॅशनल पार्कात अळंबी काढणं गुन्हा आहे, हे त्यानंच मला ऐकवलं. वर म्हणाला, "घे लिहून, ओक-रान. माझा आजा इथंच काढायचा. तेव्हा तुझं पार्कही नव्हतं नि तूही नव्हतीस."

मी प्यो ओक-रान, जिल्हा पोलिसांत तपास अधिकारी. याच गावात वाढले, त्यामुळे ऑक्टोबर आला की माझंही डोकं फिरतं. पानं लाल झाली की अख्खं सोल शहर बसगाड्या भरभरून इथं येतं. सगळ्यांची तीच भडक जाकिटं, तोंडावर तोच फडका, तोच काळा चष्मा, पाठीवरच्या पिशवीत त्याच काकड्या. देवळाच्या आवारातून वर जाणारी वाट एकच. ती लोखंडी जिन्यापाशी येऊन तुंबते, कारण करकोचा सुळक्यावर जायचं आणि परत यायचं ते याच जिन्यानं. यंदा पार्कनं नोंदणी सुरू केली, ठरावीक माणसांनाच वर सोडायचं म्हणून. झालं काय, तर गाववाले चिडले, गिर्यारोहकांची मंडळं चिडली, देवळातले भिक्षू चिडले, आणि गर्दी होती तेवढीच राहिली.

जिन्याच्या पायथ्याशी एक फाटा फुटतो. तो बोकडकड्यावरून सुळक्याला मागून वळसा घालतो. बरीच वर्षं बंद आहे, दोरी बांधलीय, पाटी लावलीय. मा त्या कड्याखाली पडला होता. वर दोरीसमोर, वाटेच्या मधोमध, दगडाखाली एक पिवळा कागद होता. त्यावर काळा बाण आणि बाणाखाली ठसठशीत अक्षरांत 'ओउन पर्वत मंडळ'. बाण दोरीच्या पलीकडे दाखवत होता.

असे बाणाचे कागद प्रत्येक मंडळाकडे असतात. आघाडीवाला ते फाट्याफाट्यावर टाकत जातो, म्हणजे मागची माणसं चुकत नाहीत. सगळ्यात शेवटी पिछाडीवाला येतो, तो ते उचलत येतो. मा ग्यु-चोल ओउन मंडळाचा आघाडीवाला होता.

आमच्या साहेबांना एवढं पुरलं. त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट होती, ती तोवर साऱ्या देशाच्या हातात होती. शनिवारी सकाळी कुणीतरी फोनवर घेतलेला व्हिडिओ. त्यात पार्कचा रखवालदार सोक इल-दो याच दोरीपाशी माची कॉलर धरून सांगतोय, "पुन्हा या दोरीला हात लावलास तर मीच तुला खाली फेकीन."

"मा दोरी ओलांडून गेला, सोक मागनं गेला आणि ढकललं," साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत त्याला आत घाल. वरून सारखे फोन येतायत."

मी सोकच्या चौकीवर गेले. तो कपड्यांची पिशवी भरून, बूट घालून, तयार बसला होता. मला म्हणाला, "चला. तुरुंगात टॉवेल देतात का, तेवढं सांगा."

२

सोक मला कधीच आवडला नाही. तोंड उघडलं की दंडाची भाषा. म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या उघडून आत दारू आहे का बघणारा माणूस. गावातल्या बाया त्याला नावं ठेवतात आणि मी त्यांना कधी अडवलं नाही.

शनिवारी दुपारी कुठं होतास, असं विचारलं. म्हणाला, जिन्यावर. मधोमध एक बाई चक्कर येऊन बसली, खालचे वर ढकलत होते, वरचे खाली, आणि दोन्हीकडून एकमेकांच्या आयाबहिणी निघत होत्या. हा कठडा धरून वर चढला आणि बराच वेळ तिथंच अडकला. फाट्यावर कोणी नव्हतं. कुणी पाहिलं तुला? "हजारो माणसांनी," सोक म्हणाला. "नाव एकाचंही सांगता येणार नाही."

बाईचा शोध आम्हीही घेतला. तसं आवाहन केल्यावर नऊ बायकांचे फोन आले. त्या जिन्यावर सगळ्यांनाच चक्कर आली होती.

चौकीच्या कोपऱ्यात एक ढीग होता. मंडळांनी झाडांना बांधलेल्या रंगीत फिती आणि वाटेवर टाकलेले बाणाचे कागद. सोकच्या लेखी तो कचरा. त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही. म्हणून टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन हिंडतो आणि दिसेल तो कागद टोचून उचलतो. आमचे हवालदार गिल, माझ्याहून वयानं मोठे आणि दुप्पट जाड, धापा टाकत ढीग उपसायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी पिवळ्या कागदांची एक चळत माझ्यापुढं धरली. प्रत्येकावर काळा बाण आणि खाली 'ओउन पर्वत मंडळ'.

म्हणजे बाण टाकायला लागणारा कागदसुद्धा सोकच्या चौकीत होता. साहेबांना कळलं तर ते पेढेच वाटतील, असं मला वाटलं.

सोकनं चळतीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला. "मी वर्षानुवर्षं हे उचलतोय मॅडम. मी टाकीन होय? मागच्या वर्षी झालं तेच पुन्हा माझ्या गळ्यात घालताय."

"मागच्या वर्षी काय झालं?"

तो पिशवीचा पट्टा ओढून घट्ट करत बसला. मी पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं, गिलना बाहेर पाठवून विचारलं. खून केला नाही असं घसा फोडून सांगणारा माणूस मागच्या वर्षीबद्दल मूग गिळून बसला होता.

३

मंडळाची माणसं शनिवारीच सोलला परतली होती. रविवारी दुपारी प्रेत ओळखायला दोघंच आली, अध्यक्ष योम सुक-जा आणि पिछाडीवाला बांग हाक-सू. ग्वाकच्या खानावळीत बसलो. ग्वाकनं त्यांच्यापुढं वाट्या अशा आपटल्या की सूप टेबलावर सांडलं.

"प्रेताला बघून आलोय आम्ही, जरा माणुसकी ठेवा," योमबाई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्या दारात मुतता तेव्हा कुठं असते ती?" ग्वाक म्हणाला आणि आत गेला.

योमबाईंचं कपाळ घामेजलं होतं, पण ओठांची लाली जागच्या जागी होती. चाळीसेक माणसांचं मंडळ त्या एका हाती चालवत होत्या. नोंदणी निम्म्यांचीच होती, बाकीची घुसवली, हे त्यांनी न लाजता सांगितलं. म्हणाल्या, सगळे तेच करतात. फाट्यावरच्या बाणाचं विचारलं तर चिडल्या. जाताना बाण नव्हता, येताना नव्हता, चाळीस माणसं काय आंधळी होती का? येताना मा फाट्यावर उभा होता, आपली माणसं उतरताना मोजत. सगळ्यांनी त्याला शेवटचं पाहिलं ते तिथंच. जेवायला आला नाही तेव्हा वाटलं, सकाळच्या अपमानानं फुगलाय, एकटाच दुसऱ्या बसनं गेला असेल. माचा स्वभावच तसा, कुणी एक बोललं की तीन दिवस अबोला.

बांग हाक-सू अगदी कमी बोलला. माच्या हाताखाली त्यानं कितीतरी वर्षं पिछाडी सांभाळली होती. माला तो दादा म्हणायचा. मी शेवटी उतरलो, म्हणाला, फाट्यावर आलो तेव्हा दादा तिथं नव्हते. वाटेत उचललेले कागद त्यानं पिशवीतून काढून दाखवले. पिवळे, गुंडाळी केलेले, वर रबर. एक उलगडून बघितला. काळा बाण आणि कोपऱ्यात मंडळाचं चिन्ह, पाच ढग.

"फाट्यावर बाण होता?" मी विचारलं.

"असता तर उचलला असता."

हे तो असं म्हणाला की खोटं वाटायला जागाच नव्हती. मी मनात जुळवून पाहिलं. मंडळ उतरलं तेव्हा बाण नव्हता. पिछाडीवाला उतरला तेव्हाही नव्हता. मग बाण त्याच्यानंतर पडला. आणि पिछाडीवाल्याच्या मागे मंडळाचं कोणी नसतं, म्हणून तर त्याला पिछाडीवाला म्हणतात. मागे उरला तो एकटा सोक.

साहेबांना फोनवर हे सांगितलं. ते इतके खूश झाले की माझ्या बायकामुलांची चौकशी केली. मला नवरा आहे आणि मूल नाही, हे त्यांना बारा वर्षं ठाऊक आहे.

४

फोन ठेवला आणि टेबलावर पाहिलं. बांग गुंडाळी न्यायची विसरला होता, की मीच धरून ठेवली होती, आता आठवत नाही. शेजारी पुराव्याच्या पिशवीत फाट्यावरचा कागद. दोन्ही पिवळे, दोन्हींवर बाण. पण एकावर नाव होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं.

गुंडाळीतले सगळे कागद उलगडले. एकावरही नाव नव्हतं, नुसते ढग. मग पुराव्याचा कागद दिव्यापुढं धरला. त्याला आडव्याउभ्या घड्या होत्या. नुकत्या घातलेल्या नव्हेत, इतक्यांदा उघडून मिटलेल्या की घडीवरचा रंग उडून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. असं माणूस कशाचं करतो? खिशात ठेवून, पुन्हापुन्हा काढून बघतो त्या गोष्टीचं.

योमबाई बाहेर टॅक्सीची वाट बघत होत्या. त्यांना परत आत बसवलं आणि नावाचं विचारलं.

"ते यंदा काढून टाकलं," त्या म्हणाल्या. "दंडाच्या पावतीवर घालायला पार्कवाल्यांना आयतं नाव कशाला द्या? उरलेले जुने कागद मी वसंतात डोंगराच्या पूजेला सगळ्यांसमोर जाळले."

"हे सुचलं कशावरून?"

त्यांनी टॅक्सी आली का बघितलं. आली नव्हती. "मागच्या वर्षी एक अपघात झाला. तिथंच. बाई पानं बघत बघत भलतीकडे गेली आणि पडली."

ते मला माहीत होतं, पण सोकच्या बोलण्याशी मी ते जोडलंच नव्हतं. बिन ए-सुक नावाची बाई, एकटीच बंद वाटेवर गेली, पर्यटकाचा बेजबाबदारपणा, फाइल बंद. साहेबांनी स्वतः बंद केली होती. वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापून वर लिहिलं होतं, दोरी दिसत नाही का. "ती तुमच्या मंडळाची होती?"

"बांगची बायको," योमबाई म्हणाल्या.

आमच्याकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे बिन आणि बांग यांची सांगड माझ्या डोक्यात बसलीच नव्हती. त्या माणसाला ग्वाकनं सूप आपटून वाढलं होतं, आणि तो मुकाट्यानं प्यायला होता.

मी तशीच सोकच्या चौकीवर गेले. चळत मागितली आणि एकेक कागद खिडकीला लावून पाहिला. सगळे जुने, नाव असलेले. एकूणएक कागदाच्या मध्ये खिळ्याचं भोक होतं. फाट्यावरच्या कागदाला घड्या होत्या, भोक नव्हतं. तो सोकच्या काठीनं कधीच उचलला नव्हता. वाकून, हातानं उचललेला होता.

सोक दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याला सोडल्याचं मी सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं की उद्या सगळ्यांना घेऊन वर जाते, जागेवर तपास करायचाय. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत बेड्या पाहिजेत. मी म्हटलं, मिळतील.

५

सोमवार असूनही डोंगर तुंबलेलाच होता. पोलिसांनी फाट्यावर आडवी पट्टी बांधली होती, आणि ती फोटोत येते म्हणून माणसं भांडत होती. रांगेत पुढं जाऊ लागलो तर एक म्हातारा ओरडला, पोलिस असाल, पण रांग आहे. वरून उतरणारी एक बाई धापा टाकणाऱ्या गिलना म्हणाली, आलंच, पाच मिनिटं. उतरणारे सगळे हेच खोटं बोलतात, आणि गिलनी तिच्याकडे रागानं पाहिलं.

पुढं मी, मागे सोक काठी टेकत, मग योमबाई. बांग सगळ्यांच्या शेवटी. त्याला कुणी शेवटी राहायला सांगितलं नव्हतं.

सकाळीच मी माणूस पाठवून त्याच्याच गुंडाळीतले कागद वाटेवर टाकायला लावले होते. देवळामागच्या वळणावर एक, झऱ्यापाशी एक, मेपलच्या खिंडीत एक. मी हळूच मागे बघत होते. बांग प्रत्येक ठिकाणी वाकला, कागद उचलला, माती झटकली, गुंडाळला आणि चालू लागला. आपण हे करतोय हे त्याला कळतही नव्हतं. योमबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या की याचं डोकं ठिकाणावर नाही, आज कसले कागद उचलतोय.

मग फाटा आला. दोरीसमोर, त्याच जागी, त्याच दगडाखाली मी तो जुना कागद ठेवायला लावला होता. मी थांबले. सोक थांबला. योमबाईंनी नाक मुरडलं. बांग आला, कागदापाशी उभा राहिला, खाली बघितलं आणि त्याला वळसा घालून पुढं गेला.

"बांग, एक राहिला," मी म्हटलं.

तो वळला नाही. "तो नाही उचलणार मॅडम," म्हणाला. "एकदा उचललाय."

योमबाई झटकन म्हणाल्या, "हाक-सू, गप्प बस." त्या एका वाक्यानं मला कळलं की त्यांना मागच्या वर्षीचं सगळं माहीत होतं, आणि मला त्यांची किळस आली.

मी त्याला सांगितलं की मला काय काय समजलंय. की हा कागद मागच्या वर्षीचा आहे, कारण यंदाच्यांवर नाव नाही. की जुने जाळले गेले, सोककडचे सगळे भोकाचे, म्हणून हा उरला तो पिछाडीवाल्याच्या हातातला. की "असता तर उचलला असता" हे त्याचं म्हणणं खरंच होतं, कारण तो फाट्यावर आला तेव्हा बाण नव्हता. तो नंतर त्यानंच ठेवला. एवढ्या वर्षांत वाटेवर टाकलेला त्याचा पहिला बाण.

बांग दगडावर बसला. मग बोलला, माझ्याकडे न बघता.

मागच्या वर्षी जिना असाच तुंबला होता. सोक जिन्यावर गेला होता, दोरीपाशी कोणी नव्हतं. मा ग्यु-चोलनं दोरी उचलली, बाण टाकला आणि अख्खं मंडळ बंद वाटेनं नेलं, रांग चुकवायला. ए-सुकचे गुडघे दुखायचे, ती नवऱ्याबरोबर शेवटी चालायची. बांग बाण उचलायला वाकला, तेवढ्यात ती चार पावलं पुढं गेली. कडा अरुंद, पानं ओली. तो उठून बघतो तर ती नव्हती.

"कागद हातात होता माझ्या," बांग म्हणाला. "तिच्याकडे बघत नव्हतो, कागद उचलत होतो."

नंतर मा सगळ्यांसमोर म्हणाला, मी कसला बाण टाकला नाही, ती आपली आपण गेली. चाळीस माणसांनी माना खाली घातल्या, कारण दोरी चाळिसांनी ओलांडली होती. योमबाईंनी प्रत्येकाला घरी फोन करून समजावलं. सोकला ठाऊक होतं, त्यानं मंडळाला कड्यावरून बाहेर पडताना पाहिलं होतं. पण दोरी सोडून कुठं गेला होतास, हे कुणी विचारू नये म्हणून त्यानं लिहून दिलं की बाई एकटीच होती. बांग आमच्या साहेबांकडे कागद घेऊन गेला होता. साहेब त्याला म्हणाले, हा तुझ्या खिशातला कागद, याला काय पुरावा म्हणतात?

"बरोबरच होतं त्यांचं," बांग म्हणाला. "वाटेवर पडलेला बाण पुरावा. हातातला बाण नुसता कागद. म्हणून मी तो परत वाटेवर ठेवला."

"आणि मा?"

"मी दादांना म्हटलं, आपलं एक माणूस दोरीपलीकडे गेलंय. ते लगेच निघाले. शिव्या देत, पण निघाले. त्या एका बाबतीत माणूस पक्का होता, कुणाला मागे सोडायचा नाही." त्यानं हातातली गुंडाळी मांडीवर ठेवली. "कड्यावर कागद काढून दाखवला. म्हटलं, इथं कोणी नाही, फक्त मला सांगा, बाण तुम्ही टाकलात. बाकी काही नको. तर म्हणाले, टाकला. तुझी बायको रेंगाळायची म्हणूनच टाकावा लागला. दरवेळी तिच्यापायी अख्खं मंडळ खोळंबायचं."

पुढचं त्यानं दोन्ही हात पुढं ढकलून दाखवलं.

"मॅडम, सोकवर येईल असं माझ्या मनात नव्हतं," शेवटी तो म्हणाला. मग सोककडे पाहिलं. "पण आल्यावर वाईटही वाटलं नाही."

६

सोकनं विचारलं, मग मी जाऊ का. मी म्हटलं, जा, आणि मागच्या वर्षी दोरीपाशी कोण नव्हतं ते आज लिहून दे. त्यानं काठी उचलली आणि जिन्याकडे निघून गेला, तिथं पुन्हा कुणाचं तरी भांडण लागलं होतं. त्याला सोडावं लागलं याचं मला वाईट वाटलं. या खुनात कायद्यानं तो निर्दोष होता, योमबाईही होत्या, बाकीचे चाळीसही. ते पुढच्या शनिवारी दुसऱ्या डोंगरावर जाणार होते, त्यांची नोंदणी झाली होती.

योमबाई म्हणाल्या, मागच्या वर्षीचं यात कशाला, आता मेलेल्यांची बदनामी होईल. मी विचारलं, कुठल्या मेलेल्याची? ए-सुकची करून झाली होती की. त्यांनी चष्मा चढवला आणि उतरायला लागल्या.

मी बांगला सांगितलं की अहवालात पहिलं वाक्य काय लिहिणार आहे. बिन ए-सुक एकटी गेली नव्हती, तिला बाण दाखवला होता, आणि तो बाण पुराव्याला जोडला आहे. साहेबांना आवडो न आवडो. दगडाखालचा कागद मी स्वतः वाकून उचलला, कारण तो आता त्याचा राहिला नव्हता.

बेड्या घालून उतरायला लागलो. बांगला सवयीनं शेवटी राहायचं होतं, पण कैद्याला शेवटी चालू देत नाहीत. गिलनी त्याला मधे घेतलं. तो दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघायचा, कोण राहिलं का म्हणून.

झऱ्यापाशी कुठल्या तरी दुसऱ्याच मंडळाचा बाण पडला होता, निळा, वर दगड ठेवलेला. बांगचे बांधलेले हात एकदम पुढं आले आणि थांबले. गिल अख्खा दिवस त्या कागदांना वैतागले होते. ते पुटपुटत वाकले, उचलून फेकायला.

"राहू द्या, हवालदार," बांग म्हणाला. "त्यांचा शेवटचा माणूस अजून यायचाय."

गिलनी हात मागे घेतला. आम्ही सगळे कागदाला वळसा घालून खाली उतरलो.